एका नावाची घरं

दारावरचे आकाशकंदील उतरायच्या आत शाळेत यादी येते. दिवाळीची सुट्टी संपलेली असते, पण मुलं अजून वर्गात नीट बसत नसतात. स्टाफरूममध्ये उरलेल्या चकल्यांचे डबे फिरत असतात. तेवढ्यात मुख्याध्यापक तो गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, "काकडे बाई, घ्या, तुमचं दुसरं सासर आलं."

मुकुंदवाडीतल्या एका यादी भागाची मी गेली अकरा वर्षं बीएलओ आहे. म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी खरी ठेवायची. कोण अठराचं झालं त्याचं नाव घालायचं, कोण वारलं त्याचं काढायचं, कुठं सून आली, कुठला भाडेकरू गेला ते लिहायचं. शिकवणं हे माझं काम आणि हे वरचं. वरच्या कामाची कटकट सगळे मास्तर करतात, मीही करते. पण गठ्ठा यंदा चार दिवस उशिरा आला, तेव्हा मीच दोनदा ऑफिसात चौकशी करून आले.

यादी घर क्रमांकानं लावलेली असते. ती वाचायची कशी हे एकदा कळलं की बाकी कुणाला काही विचारावं लागत नाही. एका घरापुढं नऊ नावं असतात: सासू, सासरे, दोन भाऊ, दोन सुना, लग्नाची राहिलेली नणंद आणि मोठ्याची दोन मुलं. पुढच्या खेपेला त्या घराला पाच आणि तीन गल्ल्या सोडून नव्या घराला चार. म्हणजे भांडण झालं. मग मुली जातात, मुलं पुण्याला जातात, सासरे जातात, वयाच्या रकान्यातला आकडा वाढत राहतो आणि एका घरापुढं एकच नाव उरतं. अशा घरांवर मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देते. हे टिंब सरकारनं सांगितलेलं नाही. ती माझी सवय आहे आणि ती मला एका वर्षानं लावली.

सिडकोच्या यादीत माझ्या घरापुढंही एकच नाव आहे. मुलानं त्याचं नाव बेंगळुरूला नेलं. मिस्टरांचं मी काढलं. सात नंबरचा अर्ज, मृत्यूचा दाखला जोडून, माझ्याच अक्षरात. मला तो अर्ज पाठ आहे, मग दुसऱ्याला सांगून त्यात खाडाखोड कशाला करून घ्यायची?

*

आमचा भाग स्टेशनच्या अलीकडं सुरू होतो. स्टेशन कसलं, चार बाकं आणि एक पाटी. मोठ्या गाड्या शिट्टी वाजवून निघून जातात. स्टेशनाकडच्या दोन गल्ल्या शेतकरी घरांच्या. सिल्लोडकडून, कन्नडकडून आलेली माणसं. सातबारा तिकडं, रेशनकार्ड इकडं. नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत आणि जीव गावाकडच्या कपाशीत. त्यांच्या मागं निळ्या झेंड्याचा चौक आणि बौद्ध वस्ती. नाल्याच्या कडेला मुसलमान घरं, तीही निम्मी सिल्लोडचीच. त्यामुळं भाव कापसाचा असो की मक्याचा, तो तिन्हीकडं एकाच वेळी कळतो. रस्त्याला लागून दुकानं आणि दुकानांवर भाडेकरू. त्यांची नावं यादीत यायला आणि ते निघून जायला एकच गाठ पडते.

या सगळ्याचं मत कुठं जातं, हे सांगायला बबन आहे. बबन म्हणजे आमच्या भागातला कार्यकर्ता. पक्ष विचारू नका. मी यादी हातात घेतल्यापासून त्याच्या गळ्यातला रुमाल तीनदा बदलला, माणूस तोच. त्याच्याकडं माझ्याच यादीची झेरॉक्स असते आणि तीन रंगांचे पेन. हिरव्या खुणेची घरं आपली, लाल त्यांची, निळी फुटणारी. निकाल लागला की केंद्रावर कुणाला किती पडली ते कळतं, आणि बबन पुन्हा पेन घेऊन बसतो.

"बाई, ही गल्ली गेल्या टायमाला आपल्याला होती. कुणीतरी खाल्ली."

"माणसं आहेत बबन, भजी नाहीत."

"तुम्हाला नाही कळायचं बाई. तुम्ही नावं बघता, आम्ही मतं बघतो."

खरं तर मलाही कळतं. कुठल्या घरात सासऱ्याच्या सांगण्यावरून सगळी मतं एका ठिकाणी पडतात आणि कुठल्या घरातली सून मान डोलावून आत जाऊन वेगळंच बटण दाबते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दारातच कळतं. मी ते कुठल्याही रंगानं लिहीत नाही, एवढंच.

आजवरचे आमदार आमच्या भागात शोधायचे तर बाकांवर शोधावे लागतात. सिमेंटची बाकं, पाठीवर नाव आणि खाली 'यांच्या फंडातून'. एकानं दिलेल्या बाकावर पुढच्यानं रंग मारून आपलं नाव घातलं. पावसानं वरचा रंग धुपला की खालचं नाव डोकावतं, आणि दोन विरोधक एकाच बाकावर बसलेले दिसतात. सगळ्यांत आधी एक वकील होते. ते स्कूटरवरून यायचे आणि कुणाकडं चहा घ्यायचे नाहीत, म्हणजे एकाकडं घेतला असं नको. मग कामगारांचा एक पुढारी आला. कंपन्या बंद पडत गेल्या तसा त्याचा आवाजही बसत गेला. मग प्लॉटिंगवाले. त्यांनी सभामंडप दिले, कमानी दिल्या. नाल्यावरचा पूल प्रत्येकानं दिला, भाषणात.

ही सगळी यादी मला कौसाबाईंनी पाठ करून दाखवली होती. कौसाबाई साळवे, निळ्या झेंड्याच्या चौकामागचं शेवटून दुसरं घर. वय पंच्याहत्तरच्या पुढं, अंगानं काटकुळी. मी यादी घेतली तेव्हा त्या घरापुढं सात नावं होती. नवरा वारला. मुलगा बायकोमुलांना घेऊन वाळूजला गेला तो गेलाच. लेक सिल्लोडच्या बाजूला खेड्यात दिलेली. राहिली ती एकटी.

"वकील आमदार चांगले व्हते," ती सांगायची. "पर मी त्यान्ला दिलं का नाय, ते माज्या मेल्याल्या माणसालाबी नाय सांगितलं. तू कशाला इचारतीस?"

"मी कुठं विचारलं?"

"तोंडावर दिसतंय की."

*

दिवाळीनंतर आमच्या भागात कुलपं दिसू लागतात. शहरात वाढलेल्या माणसाला वाटावं, देवदर्शनाला गेलेत. ती कापसाची कुलपं असतात. तिकडं बोंडं फुटतात आणि वेचायला माणूस मिळत नाही. मग गावाकडून फोन येतो आणि बाया पिशवीत दोन लुगडी घालून सिल्लोडची गाडी धरतात. कुणी आठ दिवसांनी येतं, कुणी महिन्यानं. हातांना चिरा पडलेल्या, नखांत काळं, आणि घरात आल्या आल्या पहिलं कौतुक नळाचं.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझं माहेर तिकडचंच. पण त्या वर्षी मिस्टरांना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती आणि मला काम उरकण्याचं वेड लागलं होतं. सकाळी शाळा, दुपारी यादी, संध्याकाळी पेपर तपासायचे. एक काम संपलं की दुसरं हातात हवं. रिकामं बसलं की घर अंगावर यायचं. कामाचा उरक पाहून तहसीलमध्ये माझं कौतुक व्हायचं. "काकडे बाईंचा भाग सर्वांत आधी पूर्ण."

कौसाबाईंचं दार मी तीनदा बंद पाहिलं. तिसऱ्या वेळी समोरच्या शमीमआपा ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"ताला है बाई. बेटी के गाव को गई म्हातारी."

"कधी गेली?"

"हो गए बहोत दिन."

मी घड्याळाकडं पाहिलं असणार. नव्वद टक्के भाग पूर्ण झाला होता. एकटी म्हातारी, लेक न्यायला आली असेल, घर आता बंदच राहणार. माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली आणि ती मला पटलीही. एकट्या बाईचं शेवटी असंच होतं, असं मला त्या दिवसांत उगाच वाटायचं. मी 'कायम स्थलांतरित' लिहिलं, तिथंच पंचनामा केला. पंच म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या बबनला थांबवलं. त्यानं सही करताना वाचलं होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मी वाचलं होतं.

नियमाप्रमाणं नोटीस निघाली. तुम्ही या पत्त्यावर राहत नाही असं आढळलं आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा. ती नोटीस मी त्याच पत्त्यावर, त्याच दाराखालून आत सरकवली. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

*

उन्हाळ्यात लोकसभेचं मतदान आलं. केंद्र आमच्याच शाळेत. बाहेर लिंबाखाली टेबल टाकून मी यादी घेऊन बसलेले. लोकांना त्यांचा अनुक्रमांक शोधून द्यायचा, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. सात वाजता दार उघडलं तेव्हा रांगेत पाचवी कौसाबाई होती. पांढरंशुभ्र लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड. माझ्याकडं पाहून हसली.

मी समोरच्या माणसाच्या कार्डाकडं पाहू लागले.

थोड्या वेळानं ती बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलाशी.

"बाई, बघ गं जरा. त्यो माजं नावच घेईना."

मला यादी उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. पानं उलटत राहिले. त्या घर क्रमांकापुढं काही नव्हतं.

"कौसाबाई, तुमचं घर बंद होतं. मी तीनदा आले."

"मंग?"

"तुम्ही लेकीकडं गेलात असं…"

"कापूस येचाया गेले व्हते. दीड म्हैना. कापूस येचाया गेल्यालं माणूस जातं व्हय कुठं?"

आता काही करता येणार नाही, पुढच्या वेळी नाव घालू, असं काहीतरी बोलले. मागं रांग वाढत होती. ती बाजूला सरकली, पण घरी गेली नाही. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली. मी पाण्याची बाटली पाठवली, ती तिनं शेजारच्या बाईला दिली. दुपारी उन्हानं व्हरांडा तापला तशी उठून गेली.

दोन दिवसांनी शमीमआपा भाजीच्या गाडीवर भेटल्या. "बाई, क्या किया तुमने?" त्यांनी आवाज खाली आणला. "कौसाबाई उंगली को चिंधी बांधके फिरी. पूछे तो बोली, विळी लागली. विळी नाही लागली बाई. गल्लीत सगळ्यांना शाई दिखती, उसकू नही दिखाने का था."

ती चिंधी मला अजून दिसते. मिस्टर गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी कामाला लागले होते. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. मीही बोटाला काहीतरी बांधलंच होतं की. दिसू दिलं नाही, एवढंच.

*

पावसाळ्यात पुन्हा यादीची मोहीम लागली. विधानसभा दिवाळीनंतर होती. मी सगळ्यांत आधी कौसाबाईंचं घर गाठलं. सहा नंबरचा अर्ज घरूनच भरून नेला होता, फक्त सही बाकी. आत एक खाट, एक फ्लॉवरपॉट आणि भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. पिठाच्या डब्याखालून तिनं एक कागद काढला. मी सरकवलेली नोटीस. लाइटबिल म्हणून तिनं जपून ठेवली होती.

"ह्यात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तुम्ही या पत्त्यावर राहत नाही.

"आन हे मला ह्याच पत्त्यावर दिलं?"

"हो."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"ते जाऊ द्या. हा अर्ज भरलाय मी. इथं सही करा, नाव परत येतं."

"वाच."

मी वाचलं. वरतीच होतं, नवीन मतदारांसाठी. तिनं अर्ज माझ्याकडं सरकवला.

"म्या नवी हाय व्हय?"

"तसं नाही, पद्धत आहे. एकदा नाव गेलं की…"

"गेलं नाय. तू काढलं. एकईस वर्साची झाले तवा पयलं मत टाकलं म्या, सासूचं बोट धरून. तवापासून एक नाय चुकवलं. बाळंतपणात गेले, माणूस आजारी आसताना गेले. आन आता ह्या वयात लिवून देऊ, म्या नवीन म्हनून?"

"मग काय करू मी?"

"तू लिव. तुज्या कागदावर. कौसाबाई कुठं गेलीच नव्हती, बाईची चूक झाली म्हनून लिव. मंग म्या सही करते."

मी तशीच उठून आले. स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे एका सुरात म्हणाले, वेडी झालात का, लेखी कशाला देता? नोटीस येईल, खुलासा द्यावा लागेल, सर्व्हिस बुकात जाईल. बबन रस्त्यात भेटला, त्याला कुठून कळलं कोण जाणे. "बाई, सोडा ना. लाल घर आहे ते. गेलं तर गेलं एक."

"तू पंच आहेस बबन. तुझी सही आहे त्याच्यावर."

त्यानं रुमाल सारखा केला आणि मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा कौसाबाईनं चहा केला, पण सही केली नाही. मला राग आला. मी म्हटलं, "एका मतानं काय होणार आहे? तुमच्या त्या आमदारांपैकी कुणी आलं का कधी तुम्हाला विचारायला?"

"न्हाय आलं."

"मग एवढं काय अडलंय?"

तिनं कपबशी खाली ठेवली. "तुला सांगते. माजा माणूस व्हता तवर त्यो हाक मारायचा. आता कोन मारतंय? गल्लीत म्हातारी. दवाखान्यात आजी. रेशनवाला म्हनतो, ए मावशे, सरक. लेक आई म्हनती, ते बरोबरच हाय. पर त्या दिशी सायेब यादीत बघतो, आन समद्यांम्होरं मोठ्यानं म्हनतो, कौसाबाई रंगनाथ साळवे. पुरं नाव. माज्या माणसाचंबी त्यात आलं. पाच वर्सांत कवातरी येकदा. तेवढंच हाय बघ."

मतदानाच्या खोलीत पहिला अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतो, ते पक्षांच्या प्रतिनिधींनी ऐकावं म्हणून. कुणाची हरकत असेल तर त्यांनी घ्यावी. प्रशिक्षणात मी हे किती वेळा ऐकलं असेल. ते असंही ऐकता येतं हे प्रशिक्षणात नव्हतं.

तिथंच, खाटेवर बसून, मी माझ्या अहवालाच्या कागदावर लिहिलं: सदर मतदार स्थलांतरित नव्हत्या. कापूस वेचणीसाठी तात्पुरत्या बाहेरगावी होत्या. चौकशी अपुरी केली. चूक माझी आहे. खाली सही आणि तारीख.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. मग तिनं पेन घेतलं. ती रात्रशाळेत सही शिकलेली. एकेक अक्षर पेरल्यासारखं करत पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. अर्जावरची जागा पुरली नाही, साळवे खालच्या ओळीत गेलं.

मला खुलाशाचं पत्र आलं. मी खुलासा दिला. काही झालं नाही. त्या यादीत मात्र माझा भाग सर्वांत शेवटी पूर्ण झाला. प्रत्येक बंद दाराशी मी चौथ्यांदा, पाचव्यांदा जात होते. आणि पेन्सिलीची टिंबं सुरू झाली ती तिथून.

*

विधानसभेचं मतदान ऐन वेचणीत आलं. कुलपं लागलेली होती. आदल्या दिवशीपासून सिल्लोडच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. बाया उतरल्या की त्यांच्या पदराला, केसांना कापसाचे धागे चिकटलेले. बबन गाड्या मोजत फाट्यावर उभा. थंडी नुकती पडू लागली होती. सकाळी लिंबाखाली टेबल मांडलं तेव्हा हात गारठत होते.

साडेआठला कौसाबाई आली. पांढरं लुगडं तेच. तिचं नाव आता तिच्या घरापुढं नव्हतं. ते पुरवणीत, यादीच्या शेवटच्या पानावर, नव्यानं अठरा झालेल्या पोरापोरींच्या मधे होतं. मी अनुक्रमांक लिहून चिठ्ठी दिली आणि माझी जागा सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. तसं उभं राहायचं नसतं.

आतल्या अधिकाऱ्याचा घसा बसलेला. तो पुटपुटला.

"सायेब, ऐकू नाय आलं," कौसाबाई म्हणाली.

"आजी, तुमचंच नाव आहे. चला पुढं."

"मोठ्यानं घ्या."

त्यानं मान वर करून पाहिलं. मग घसा खाकरला. "कौसाबाई रंगनाथ साळवे!"

"व्हय," ती म्हणाली आणि बोट पुढं केलं.

बाहेर आली ती बोट वर धरून. शमीमआपांना दाखवलं, रांगेतल्या बायांना दाखवलं, फाटकाबाहेर जाऊन बबनलासुद्धा दाखवलं. मला वाटलं आता घरी जाईल. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. दुपारी गर्दी ओसरली, मी डबा उघडला. तिनं माझी अर्धी भाकरी खाल्ली, मिरचीला नावं ठेवली. मग सहज म्हणाली, "तुजं बोट दाव."

मी हात टेबलाखाली घेतला. उगाचच.

"माझं केंद्र इथं नाही. सिडकोत आहे."

"किती लांब?"

"दहा मिनिटं. पण ड्युटी आहे ना मला."

"गेल्या टायमाला टाकलं व्हतं?"

"ड्युटी होती."

"त्याच्या आदी?"

मी डब्याचं झाकण लावू लागले. मिस्टर होते तेव्हाही ड्युटी असायची. ते कंपनीतून सुट्टी घेऊन घरी थांबायचे, पण एकटे जाऊन मत द्यायचे नाहीत. चार वाजले की स्कूटर घेऊन इथं यायचे, फाटकाबाहेर उभे राहून हॉर्न द्यायचे. मी सोबतच्या अंगणवाडीच्या ताईंना टेबल सांभाळायला सांगायची आणि आम्ही दोघं जाऊन यायचो. येताना एक-एक चहा. ते गेल्यावर हॉर्न द्यायला कुणी नव्हतं आणि मी सगळ्यांना सांगत आले, ड्युटी असते. कारण खोटं नव्हतं. पुरं नव्हतं, एवढंच.

यातलं मी कौसाबाईंना काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती उठली, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ऊठ."

"अहो, यादी कोण बघेल?"

"ती अंगणवाडीवाली पोर हाय की. आन म्या बसते. कुनी आलं तर म्हनंल, थांबा, बाई मत टाकाया गेली."

"कौसाबाई, असं…"

"शमीम सांगत व्हती, माजं नाव काढताना घड्याळ बघितलंस. आता नगं बघू. ऊठ."

मी उठले. स्कूटी काढली. रेल्वे फाटक नेमकं उघडं होतं. सिडकोतल्या त्या शाळेत मला कुणी ओळखत नव्हतं. बाहेरच्या टेबलावर एक तरुण बीएलओ मुलगी, तिनं माझं कार्ड पाहून यादीत बोट फिरवलं, घर क्रमांकाशी थांबली. एकच नाव असलेलं घर. ते नाव तिनं काढलं नव्हतं. मिस्टर गेल्यापासून माझंही दार दिवसभर बंदच असतं. मला वाटलं, तिला विचारावं की किती वेळा आलीस. पण मागं माणसं होती.

आत तीन जण रांगेत. मग मी. पहिल्या अधिकाऱ्यानं चिठ्ठी घेतली, पानावर पट्टी ठेवली आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"सुनंदा दिगंबर काकडे!"

शाळेत मी बाई. तहसीलमध्ये काकडे मॅडम. फोनवर आई. दिगंबर हे नाव तर आमच्या घरात मी कधीच उच्चारलेलं नव्हतं, आणि ज्यांचं होतं ते गेल्यापासून दुसऱ्या कुणीही. भिंतीशी बसलेल्या तीन पक्षांच्या तीन प्रतिनिधींनी आपापल्या यादीत रेघ मारली. कुणाची हरकत नव्हती.

एकोणतीस वर्षं रोज सकाळी मी मुलांची हजेरी घेते. त्यामुळंच असेल, माझ्या तोंडून निघून गेलं,

"हजर."

एक प्रतिनिधी हसला. मी बोट पुढं केलं.

परत आले तेव्हा कौसाबाई माझ्या खुर्चीत ताठ बसलेली. समोर यादी उलटी धरलेली, आणि दोन माणसं खरोखरच थांबवून ठेवलेली. मला पाहून ती उठली नाही.

"दाव."

मी बोट दाखवलं. शाई अजून ओली होती.

"घेतलं का पुरं नाव?"

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

तेव्हा कुठं तिनं खुर्ची सोडली.